मदत हवी आहे: ल्युक्ट्राच्या लढाईत मागच्या रांगा काय करत होत्या?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयात प्राचीन ग्रीसमधल्या ल्युक्ट्राच्या लढाईवर (थीब्ज विरुद्ध स्पार्टा) बोलायचं आहे. बाकी तयारी झाली आहे, पण एका जागी अडलोय आणि तिथे ठोकून द्यायची इच्छा नाही.

इ.स.पू. ३७१. थीब्जचा सेनापती एपामिनोन्डास याने डाव्या बगलेला एकामागे एक ५० रांगा लावल्या आणि उजवी बगल मुद्दाम मागे ठेवली. समोर स्पार्टाची फळी १२ रांगांची, राजा क्लिओम्ब्रोटस तिच्या उजव्या टोकाला. म्हणजे सगळा भार थेट राजावर. राजा पडला, तिथे असलेल्या ७०० अस्सल स्पार्टन नागरिकांपैकी ४०० मेले. (बातमी पोचली तेव्हा स्पार्टात उत्सव चालू होता. तो थांबवला नाही, बायकांना आक्रोश करू नका असं बजावलं. हा प्रसंग मी सांगणारच आहे.)

आता अडचण. हॉप्लाइटचा (ढाल-भाला घेऊन रांगेत लढणाऱ्या ग्रीक पायदळ सैनिकाचा) भाला साधारण दोन-अडीच मीटरचा. शत्रूपर्यंत पोचणार पुढच्या दोन-तीन रांगाच. मग उरलेले काय करत होते? पुढच्याच्या पाठीला ढाल लावून खरोखर रेटत होते? तसं असेल तर पहिल्या रांगेतला माणूस चेंगरूनच मरेल. की पडलेल्याची जागा भरायची आणि पुढच्याला मागे फिरू द्यायचं नाही, एवढंच काम?

शिवाय नुसत्या जास्त रांगा ही नवलाई नव्हती. इ.स.पू. ४२४ मध्ये डेलियमच्या लढाईत थीब्जने २५ लावल्याच होत्या.

ग्रीक इतिहासकार झेनोफोन ल्युक्ट्राच्याच काळातला, पण या लढाईच्या वर्णनात एपामिनोन्डासचं नावही घेत नाही. तो सांगतो की स्पार्टाचं घोडदळ मोडलं आणि पळताना आपल्याच पायदळात घुसलं. चरित्रकार प्लुटार्क साडेचारशेहून अधिक वर्षांनी लिहितो: स्पार्टन फळी पसरून वळसा घालू बघत होती, तेवढ्यात थीब्जचा पेलोपिडास आपले ३०० निवडक लोक घेऊन धावत भिडला. मला दोन्ही खरं वाटतं. आधी गोंधळ, त्यात पेलोपिडासची धडक, मग मागून ५० रांगांचा लोंढा.

हा क्रम पटतो का? मूळ ग्रीक वाचणाऱ्यांनी ‘रेटणे’ या शब्दाबद्दल जरूर लिहावं. आणि जमाव आवरताना ढाल घेऊन ओळीत उभं राहिलेलं कुणी इथे असेल, तर मागून दाब आला की पुढच्याचं नेमकं काय होतं, तेही सांगा.