तेरा एप्रिल : लेबनॉनच्या तरुणांचे संदेश

नमस्कार मंडळी. 13 एप्रिल 1975 रोजी बैरुतच्या ऐन अल-रुम्माने भागात पॅलेस्टिनी प्रवाशांच्या बसवर गोळीबार झाला आणि पुढची पंधरा वर्षे लेबनॉन यादवी युद्धात होरपळत राहिला. सुमारे दीड लाख माणसे मेली आणि सरकारी अंदाजानुसार 17,000 बेपत्ता झाली. ज्यांनी युद्ध पाहिलेलेही नाही असे तिथले तरुण या तारखेला आशेचे संदेश लिहितात. तिथे राहिलेल्या किंवा तिथल्या लोकांसोबत शिकलेल्या सदस्यांनी कृपया आपले अनुभव लिहावेत. वाचलेली मते नकोत, पाहिलेले आणि ऐकलेले हवे.

पतीच्या नोकरीमुळे बैरुतला राहिलेल्या एक सदस्या :

सोदेको भागात गोळ्यांनी चाळण झालेली, 1924 साली बांधलेली एक इमारत आहे. शहराचे ख्रिस्ती वस्तीचा पूर्व आणि मुस्लिम वस्तीचा पश्चिम असे दोन तुकडे करणारी सीमारेषा तिच्यासमोरूनच जात असल्याने युद्धकाळात तिथे नेमबाज दबा धरून बसत. आता ती 'बैत बैरुत' या नावाने संग्रहालय म्हणून जपली आहे. शेजारणीची महाविद्यालयात शिकणारी मुलगी मला त्याच परिसरात तिच्या गटाच्या कार्यक्रमाला घेऊन गेली होती. दोरीला टांगलेल्या कागदांवर 'आपण सारे एक' अशा धर्तीचे पुष्कळ संदेश होते आणि खरे सांगायचे तर ते मला शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारांसारखे वाटले. एका मुलाने मात्र लिहिले होते, "माझ्या आजोबांना कोणी नेले ते सांगा. मला सूड नको, त्यांची कबर हवी आहे." मी तिला विचारले, यात आशा कुठे आहे? ती म्हणाली, "तांत (तिथे मावशी-काकूला अशीच हाक मारतात), उत्तर मिळेल असे वाटले नसते, तर त्याने विचारलेच नसते."

फ्रान्समध्ये शिकलेला एक सदस्य :

माझ्या वर्गात एक मुलगी पूर्व बैरुतमधल्या अश्रफियेची आणि एक मुलगा पश्चिमेकडच्या हमराचा होता. दोघांच्याही शालेय इतिहासात देश स्वतंत्र झाला की पुस्तक जवळजवळ संपत असे, कारण युद्धाबद्दल सर्वांना मान्य होईल असा मजकूर ठरलाच नव्हता, आणि घरी विचारावे तर 'ते दिवस' एवढेच म्हणून वडीलधारे विषय बदलत. त्यामुळे या दोघांनी ठरवले होते की दर 13 एप्रिलला घरातल्या एका मोठ्या माणसाला एक प्रश्न विचारायचा आणि मिळालेले उत्तर, ते आपल्या बाजूला लाज आणणारे असले तरीही, दुसऱ्याला ध्वनिसंदेशाने पाठवायचे. त्या मुलीने पाठवलेल्या एका संदेशात तिचे काका नाक्यावर उभे राहून लोकांची ओळखपत्रे तपासत, हे होते. ओळखपत्रावर धर्म लिहिलेला असे आणि तेवढ्यावरून माणसे मारली जात. तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने आपल्या मामाची गोष्ट पाठवली, जी याहून बरी नव्हती. त्यांची मैत्री आजही टिकून आहे.

आखातात काम करणारा एक सदस्य :

माझे लेबनीज सहकारी अशा कार्यक्रमांवर हसतात. 1991 च्या माफीच्या कायद्याने बहुतेक गुन्हे पुसले गेले आणि सशस्त्र टोळ्यांचे म्होरके मंत्री झाले. मग मुलांनी आशा कोणाकडून ठेवायची, असे ते विचारतात.

पहिल्या सदस्या, वरील प्रश्नाला उत्तर म्हणून :

प्रश्न रास्त आहे. तरीही 1982 पासून बेपत्तांच्या घरच्या स्त्रिया रस्त्यावर उतरत राहिल्या, म्हणूनच 2018 साली 105 क्रमांकाचा कायदा झाला आणि आपल्या माणसाचे काय झाले हे जाणून घेण्याचा कुटुंबांचा हक्क मान्य झाला. बेपत्तांच्या आई-वडिलांपैकी अनेक जण आता हयात नाहीत, म्हणून आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने पुढे पुरलेले अवशेष सापडले तर डीएनएवरून ओळख पटावी यासाठी नातेवाइकांच्या लाळेचे नमुने आधीच जमवायला घेतले होते. त्या दोरीवर एका नातीचाही कागद होता : "आजीचा नमुना दिला आहे. आता खोदायला कधी घेता?"