जँगोने पायथन २ सोडला, ते योग्यच झालं

गोदाकाठ:
आमच्याकडे एक पोर्टल अजून जँगो १.११ वर, म्हणजे पायथन २ वर आहे. (पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, जँगो म्हणजे तिच्यात वेबसाइट बांधायचं तयार साहित्य.) पायथन ३ वर नेऊ म्हटलं की ठरलेलं उत्तर: "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" वर जँगोवाल्यांच्या नावाने बोटं मोडायची. मला उलट वाटतं. पायथन ३.० आला २००८ ला, जँगो २.० ने पायथन २ सोडला, म्हणजे त्यावर चालणं बंद केलं, डिसेंबर २०१७ मध्ये. उशीरच झाला.

मराठीत काम करणाऱ्यांनी तरी पायथन २ साठी गळा काढू नये. साध्या स्ट्रिंगमध्ये 'नमस्ते'ची लांबी तो १८ सांगायचा, कारण तो यूटीएफ-८ चे (अक्षरं साठवायच्या पद्धतीचे) बाइट मोजायचा, आणि देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. ३ मध्ये ती ६ येते, कारण तो चिन्हं मोजतो. (आपल्या लेखी अक्षरं तीनच, पण तो वेगळा विषय.) पायथन २ मध्ये नाव दहा बाइटवर कापलं की चौथं चिन्ह मध्येच तुटायचं आणि छापील पावतीवर चौकोन यायचा. लोकांची नावं आहेत हो ती!

रात्रपाळी:
युनिकोडचं, म्हणजे मराठी अक्षरांचं, मान्य. भागाकाराचं काय? पायथन २ मध्ये ५/२ म्हणजे २, ३ मध्ये २.५. एरर नाही, काही नाही, आकडा गुपचूप बदलतो. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही हलवलं. हप्त्यांच्या हिशेबात असा एक भागाकार नजरेतून सुटला आणि महिनाअखेरीला ताळमेळ बसेना. दोन रात्री जागलो. तिथले मॅनेजर म्हणाले, "साहेब, आम्ही नवीन काही मागितलंच नव्हतं." काय सांगणार त्यांना?

गोदाकाठ:
पायथन २.७ '-३' हा पायथन ३ मध्ये काय बिघडेल ते सांगणारा पर्याय लावून चालवला असता तर त्या ओळीवर वॉर्निंग आली असती. कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट होत्या का?

रात्रपाळी:
एकही नव्हती. ती ओळ चालली तरच वॉर्निंग येणार ना? आणि ती चालते महिन्यातून एकदा.

सांजवात:
रात्रपाळी, तुमचा त्रास खरा आहे, पण वेळ मिळाला नाही असं म्हणू नका. जँगो १.५ पासून, म्हणजे २०१३ पासून, पायथन ३ वापरून बघता येत होता. १.११ ला सिक्युरिटी पॅच एप्रिल २०२० पर्यंत मिळाले.

रात्रपाळी:
वेळ आम्हाला होता, पतसंस्थेला कुणी कळवलंच नाही. त्यांच्याशी देखभालीचा करार होता, त्यात पायथनचा उल्लेखसुद्धा नव्हता. हलवायचं काम आम्ही पदरचे पैसे घालून केलं. गोदाकाठ, तुमच्या पोर्टलचा खर्च कोण करतंय, ते सांगा.