व्यसनमुक्तीत उपचार आणि संशोधन दोन्ही: नवखा सायकॉलॉजिस्ट कुठे आपटतो?

मनोवेध (प्रश्न)
क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण संपत आलंय आणि पुढे व्यसनाच्याच क्षेत्रात राहायचं पक्कं आहे. सल्ले मिळतात ते "आधी पीएचडी कर" नाहीतर "आधी चिकार पेशंट बघ" असे. मला विचारायचंय वेगळंच. ओपीडीत जे काम रोज होतं, त्यातूनच छापण्याजोगं संशोधन उभं राहतं का? काँटिंजन्सी मॅनेजमेंटची (व्यसनापासून दूर राहिल्याबद्दल बक्षीस देण्याची पद्धत) लहानशी चाचणी डोक्यात आहे. चुका नेमक्या कुठे होतात?

काठावरचा
मोजमापात. थेरपी कोणती, हा वाद नंतर घाला.

'गेल्या महिन्यात किती प्यायलात?' असं विचारलं की उत्तर येतं 'अधूनमधून'. त्याऐवजी टाइमलाइन फॉलोबॅक वापरा. समोर कॅलेंडर ठेवायचं, आधी पगाराचा दिवस, लग्नकार्य, आजारपण, प्रवास अशा खुणा भरून घ्यायच्या आणि मग एकेक दिवस मागे जायचं. ९० दिवस सहज भरून होतात. हेच कॅलेंडर उपचारातही कामाला येतं, कारण कुठल्या दिवशी पाय घसरतो ते पेशंटला स्वतःच दिसतं.

पेग, ग्लास, बाटली असं लिहून ठेवू नका, ग्रॅममध्ये आणा: मिलिलिटर × अल्कोहोलचं प्रमाण (४० टक्के म्हणजे ०.४) × ०.७८९. ६० मिलि, ४० टक्के म्हणजे साधारण १९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑडिट या पिण्याबद्दलच्या प्रश्नावलीतलं एक ड्रिंक १० ग्रॅमचं, म्हणजे ही जवळपास दोन ड्रिंक्स झाली. पेगला एक ड्रिंक धरलं की आकडा निम्म्यावर येतो. आणि हो, ऑडिट ही फक्त कोणाचं पिणं धोक्याचं आहे ते ओळखायची चाळणी आहे. तिचे बरेच प्रश्न वर्षभराबद्दलचे, त्यामुळे महिन्याभरातली सुधारणा तिच्यातून शोधू नका.

चढती_भाजणी
काँटिंजन्सी मॅनेजमेंटची कल्पना सोपी आहे, म्हणूनच लोक ती ढिली करतात. लघवीचा नमुना निगेटिव्ह आला, म्हणजे त्यात पदार्थ सापडला नाही, की तिथल्या तिथे बक्षीस. 'महिनाअखेरीस देऊ' म्हटलं की परिणाम गेला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॅन्सी पेट्री यांची चिठ्ठ्यांची पद्धत खर्चाला हलकी. बरणीत ५०० चिठ्ठ्या: २५० वर नुसतं 'शाब्बास', २०९ वर छोटी वस्तू, ४० वर मोठी आणि एकीवर सगळ्यात मोठं बक्षीस. पहिल्या निगेटिव्ह नमुन्याला एक चिठ्ठी, पुढच्या सलग नमुन्याला दोन, मग तीन. पॉझिटिव्ह आला किंवा माणूस विनाकारण आलाच नाही, की पुन्हा एकवर. कोणती कारणं चालतील ते पहिल्याच दिवशी लेखी ठरवा. ऐनवेळी 'जाऊ दे, चांगला माणूस आहे' म्हणून सूट दिली की पद्धत उरत नाही, आपली मर्जी उरते.

तपासणी किती वेळा, हे पदार्थावर अवलंबून. कोकेनचा अंश लघवीत साधारण दोन ते चार दिवस सापडतो, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा. एकदाच घेतलात तर मधला वापर निसटतो, रोज घेतलात तर एकाच वापराची शिक्षा दोनदा होते. गांजाला मात्र ही चौकट जशीच्या तशी लावू नका. रोज ओढणाऱ्याचा नमुना थांबल्यावरही महिनाभर पॉझिटिव्ह येऊ शकतो. बिचारा खरंच थांबलेला असतो आणि बक्षीस शून्य, मग तो कशाला येईल? तिथे सुरुवातीचे आठवडे हजेरीला बक्षीस द्या, निकालाला नंतर.

नमुन्याच्या कपावरची तापमानपट्टी चार मिनिटांच्या आत वाचायची. ३२ ते ३८ अंशांबाहेर असेल तर नमुना पुन्हा घ्या. क्रिएटिनिन (लघवीतून नेहमीच बाहेर पडणारा एक घटक) २० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली म्हणजे नमुना पातळ झालाय. पाणी त्यात ओतलेलं असेल किंवा पोटात.

शेवटचा खड्डा: बक्षिसं थांबली की परिणाम ओसरू लागतो. तुमचा मुख्य निकाल बाराव्या आठवड्याचा असेल तर चित्र गोंडस दिसेल. मोजायचं ते बक्षिसं थांबल्यानंतर सहा महिन्यांनी.

सावधपणे
वर सगळं संशोधनाचंच झालं, पण एक गोष्ट त्याच्याही आधी. रोज भरपूर पिणाऱ्याला 'आजपासून बंद' असं आपण परस्पर सांगायचं नसतं. शेवटचा घोट कधी, पूर्वी फिट आली होती का, सकाळी हात थरथरतात का, हे तीन प्रश्न विचारून डॉक्टरांकडे पाठवा. फिट सहसा ६ ते ४८ तासांत येते, डिलिरियम ट्रेमेन्स (भ्रम, भास आणि थरथर) ४८ ते ९६ तासांत, आणि त्यात माणूस दगावतो.

अफूजन्य पदार्थांचं उलट. तिथे धोका डिटॉक्सनंतरचा, म्हणजे पदार्थ शरीरातून उतरवल्यानंतरचा. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुनाच डोस घेतो. हे त्याला आणि घरच्यांना डिस्चार्जच्या आधी सांगायचं, नॅलोक्सोनसकट (अफूजन्य पदार्थांच्या अतिडोसवरचा उतारा).

स्मरणशक्तीच्या चाचण्याही पिणं थांबल्यावर पहिल्या आठवड्यात उरकू नका, दोन-तीन आठवडे जाऊ द्या. नैराश्याचं निदान महिनाभराने पुन्हा तपासा. आत्महत्येच्या विचारांबद्दल मात्र पहिल्याच भेटीत विचारायचं.

मनोवेध
खूप कामाचं. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची (बदलाची इच्छा पेशंटच्याच तोंडून काढणारी संवादपद्धत) कार्यशाळा केली तर थेरपीची बाजू भागेल का?

काठावरचा
नाही भागत. कार्यशाळेतलं कौशल्य सरावाविना काही महिन्यांत विरतं. संमती घेऊन सत्र रेकॉर्ड करा आणि त्यातली २० मिनिटं सुपरव्हायजरसोबत मोजा: प्रश्न किती, प्रतिबिंबं (पेशंटचंच म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडणं) किती. प्रश्नांइतकी तरी प्रतिबिंबं हवीत, दुप्पट असली तर उत्तम. पेशंट म्हणाला, "सोडायचीय हो, पण रात्री झोपच लागत नाही." नवखा लगेच विचारतो, "किती दिवसांपासून?" त्याऐवजी "सोडायचं मनात आहे, धास्ती आहे ती रात्रीची" एवढंच म्हणा आणि थांबा. पुढचं तो बोलतो.

चढती_भाजणी
थेरपीच्या निवडीवर फार रात्री घालवू नका. प्रोजेक्ट मॅच या दारूच्या उपचारांवरच्या मोठ्या अमेरिकन चाचणीत १,७२६ जणांवर तीन पद्धती पाहिल्या, एकीची सत्रं फक्त चार आणि इतर दोन्हींची बारा, तरी निकाल बऱ्यापैकी सारखे आले.

तुमच्या चाचणीत उपचार करणारा आणि निकाल मोजणारा माणूस वेगळा ठेवा. आपल्या थेरपिस्टसमोर 'परत प्यायलो' म्हणायला जीभ रेटत नाही. संमतीपत्रावर सही शुद्धीत असताना घ्या. आणि नाव नोंदवतानाच दोन-तीन ओळखीच्यांचे नंबर परवानगीसह लिहून घ्या, दर भेटीत ते तपासा. सहा महिन्यांनी फोन न उचलणारे बहुतेक पुन्हा प्यायला लागलेलेच असतात, त्यांना वगळून टक्केवारी काढली तर ती फुगणारच.