एका घरात तीन जीपीए: होमस्कूल ट्रान्सक्रिप्टचं गणित कुणाचं बरोबर?

पाटीपेन्सिल

मंडळी, आम्ही टेक्सासमध्ये असतो. लेकाला आठवीनंतर शाळेतून काढलं, तेव्हापासून घरीच शिकतोय. आता अकरावीचं पहिलं सेमिस्टर संपलंय. उन्हाळ्यात कॉलेजांच्या अर्जाची गडबड सुरू व्हायच्या आत ट्रान्सक्रिप्ट (हायस्कूलच्या सगळ्या विषयांचं गुणपत्रक) मार्गी लावावं म्हणून शनिवारी एक्सेल उघडलं आणि घरात भांडण लागलं.

इथल्या कायद्याचा जाच काही नाही. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि 'चांगलं नागरिकत्व' शिकवा म्हणतात, बाकी कुणी विचारायला येत नाही. म्हणजे ग्रेड देणारी मी, क्रेडिट (विषयाचं वजन; वर्षभराच्या विषयाला एक) ठरवणारी मी आणि सही करणारीही मीच. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मग सगळीकडे ए दे आणि मोकळी हो." तेवढं सोपं असतं तर!

आमचे ग्रेड असे आहेत. ९० च्या वर ए, ८० च्या वर बी, ७० च्या वर सी. प्लस-मायनस ठेवलेलं नाही.

नववी: इंग्लिश ए, जॉमेट्री बी, बायॉलॉजी ए, वर्ल्ड हिस्टरी ए, स्पॅनिश बी (सगळे एकेक क्रेडिट), आर्ट ए (अर्धं).

दहावी: इंग्लिश ए, अल्जिब्रा २ सी, केमिस्ट्री बी, जिऑग्राफी ए, स्पॅनिश बी, कॉम्प्युटर सायन्स ए (एकेक), पीई, म्हणजे व्यायाम-खेळ, पास (अर्धं).

अकरावी, पहिलं सेमिस्टर: इंग्लिश, यूएस हिस्टरी, फिजिक्स, प्रीकॅल्क्युलस. चारही ए, प्रत्येकी अर्धं क्रेडिट.

मी प्रत्येक वर्षाचा जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) काढला: ३.६४, ३.३३ आणि ४. तिघांची सरासरी ३.६६. लेक म्हणतो ३.५६. नवऱ्याने मोबाइलवर बोटं फिरवली आणि ३.४३ जाहीर केला. तिघेही आपापल्या आकड्यावर ठाम. जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही.

आणखी काही शंका आहेत. जॉमेट्रीत ८९.४ आले होते, ते ए धरू का? केमिस्ट्रीचं पुस्तक चांगलंच अवघड होतं, त्याला ऑनर्स (वरच्या पातळीचा कोर्स) म्हणता येईल का? अल्जिब्रा १ त्याने आठवीत केलं, तेव्हा ए होता, तो कुठे दाखवायचा? आणि तो सी... त्याबद्दल नंतर बोलते.

शेवग्याच्या_शेंगा

ताई, तुमचा लेक बरोबर आहे. त्याला आधी सॉरी म्हणा, मग पुढचं वाचा.

माझ्या दोन्ही मुली घरी शिकून कॉलेजला गेल्या. आम्ही पेनसिल्व्हेनियात होतो, तिथे दरवर्षी इव्हॅल्युएटरला पोर्टफोलिओ दाखवावा लागायचा. त्यामुळे हिशोब चोख ठेवायची सवय लागली. तरी तुमची चूक मीही केलेली आहे.

जीपीए म्हणजे वर्षांची सरासरी नाही, क्रेडिटांची आहे. ए चे ४, बी चे ३, सी चे २, डी चा १, एफ ला शून्य. प्रत्येक विषयाच्या आकड्याला त्याच्या क्रेडिटने गुणायचं, सगळे गुणाकार एकत्र करायचे आणि शेवटी एकदाच एकूण क्रेडिटांनी भागायचं. तुमच्या नववीचे २० पॉइंट, क्रेडिट ५.५. दहावीचे २० पॉइंट, क्रेडिट ६ (पीई सोडून). अकरावीचे ८ पॉइंट, क्रेडिट २. बेरीज ४८, भागिले १३.५, म्हणजे ३.५६.

तुम्ही काय केलंत, तर अकरावीच्या दोन क्रेडिटांना दहावीच्या सहा क्रेडिटांइतकंच वजन दिलंत. चार विषयांच्या अर्ध्या वर्षाने अख्खी दहावी झाकून टाकली. घरच्या शाळेत हे फार होतं, कारण आपल्याकडे क्रेडिट दरवर्षी सारखे नसतात.

साहेबांचं काय चुकलं तेही सांगते. त्यांनी पीईचं अर्धं क्रेडिट खाली भागाकारात धरलं, पण 'पास'ला वर पॉइंट नाहीत. ४८ भागिले १४, बरोब्बर ३.४३. पास-फेल विषय एकूण क्रेडिटात मोजायचा, जीपीएत नाही. म्हणून ट्रान्सक्रिप्टच्या खाली दोन वेगळे आकडे लिहायचे, मिळवलेली क्रेडिट्स आणि जीपीएत धरलेली क्रेडिट्स. एकच लिहिलं तर वाचणारा भागाकार करून बघतो, आकडा जुळत नाही आणि संशय येतो.

अल्जिब्रा १ सगळ्यात वर, 'नववीपूर्वी' अशा मथळ्याखाली दाखवा, क्रेडिट द्या, जीपीएत धरू नका. काही शाळा धरतात, पण आपल्यावर मुळातच 'आईने मार्क दिले' हा शिक्का असतो. एका ए साठी तो कशाला गडद करायचा!

पाटीपेन्सिल

नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. "पीईने घात केला" एवढंच म्हणाला. लेक मात्र दिवसभर मान वर करून फिरतोय.

आता त्या सी बद्दल. अल्जिब्रा २ मध्ये त्याला ७६ होते. त्या वर्षी माझ्या वडिलांचं आजारपण निघालं. मी अडीच महिने भारतात, तो इथे बाबाबरोबर. लॉगॅरिथम नेमकं त्याच काळात आलं आणि त्याने ते एकट्याने ओढत नेलं. चाचणीचे पेपर मी परत आल्यावर तपासले. त्यातला एक अजून फाइलमध्ये आहे, प्रश्न ७ पासून पुढे कोरा. कोपऱ्यात पेन्सिलीने छोटं विमान काढलंय.

आता वाटतं की चूक त्याची कमी, माझी जास्त. मग ग्रेड त्याच्या नावावर का? या वर्षी प्रीकॅलमध्ये ए आहे, म्हणजे विषय येतोच त्याला. सी चा बी केला तर ४९ भागिले १३.५, ३.६३ होतात. (हो, हिशोब आता येतो मला.) शाळेतल्या मुलाची आई शिक्षकांना जाऊन भेटली असती. मी कुणाला भेटू?

तीन_दशांश

प्रतिसाद क्वचितच देतो, पण हा धागा आकड्यांचा आहे म्हणून राहवलं नाही.

८९.४ चं: तुमचा नियम आधीपासून ८९.५ ला वर ढकलायचा असेल, तर ८९.४ बी. नियमच नसेल, तर आज करा आणि सगळ्या विषयांना, सगळ्या वर्षांना लावा. एका विषयापुरता नियम काढलात की तो नियम राहत नाही. दुसरं, मधल्या पायरीत राउंड करू नका. एक्सेलला पूर्ण आकडा ठेवू द्या, शेवटी दोन दशांश.

केमिस्ट्रीचं: ऑनर्स म्हणायचं की नाही हे तुमच्या हातात आहे, पण मग कोर्स डिस्क्रिप्शनमध्ये सांगा की साध्या कोर्सपेक्षा काय जास्त केलं. किती लॅब, कोणतं पुस्तक, किती रिपोर्ट. एपीचं (हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) तसं नाही. एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ऑडिटमधून तुमचा अभ्यासक्रम मंजूर झाला असेल तरच विषयाच्या नावापुढे एपी लिहायचं. घरी शिकवणाऱ्या पालकांनाही तो अर्ज करता येतो. मंजुरी नसेल तर एपी हा शब्द विषयाच्या नावात नको, परीक्षेचा स्कोअर मात्र वेगळा दाखवता येतो.

वेटेड जीपीएचा (अवघड विषयांना जादा पॉइंट) मोह टाळा. ऑनर्सला ०.५ आणि एपीला १ जास्त देण्याची पद्धत बऱ्याच शाळांत आहे, पण सगळीकडे सारखी नाही. केमिस्ट्रीला अर्धा पॉइंट दिलात तर ४८.५ भागिले १३.५, ३.५९. एवढ्यासाठी तळटीप, स्पष्टीकरण, दोन-दोन जीपीए? अनवेटेड द्या, स्केल खाली छापा, विषय संपला. बरीच कॉलेजं तुमचा आकडा बाजूला ठेवून आपला काढतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच ठरावीक विषय धरते. नववीचे ग्रेड तिच्या जीपीएत येतच नाहीत.

सी बद्दल मी बोलणार नाही. तो आकड्यांचा प्रश्न नाही.

वळचणीचा_पाऊस

मला एक कळत नाही. घरी आईने दिलेल्या मार्कांवर कॉलेजवाले विश्वास ठेवतात तरी का? राग मानू नका, खरंच विचारतोय. माझ्या भावाच्या मुलाला शाळेत एका मार्कासाठी रडताना पाहिलंय.

शेवग्याच्या_शेंगा

रास्त प्रश्न आहे, राग कसला. नुसत्या त्या मार्कांवर कुणी विसंबत नाही. सोबत काय आहे ते बघतात. एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षा, एपीचे स्कोअर, बाहेरच्या शिक्षकाचं पत्र, कम्युनिटी कॉलेजात घेतलेले कोर्स. घरी गणितात ए आणि एसएटीच्या गणितात दाणादाण, तर तो ए कुणी वाचत नाही. दोन्ही जुळले तर मात्र घरचा ग्रेड शाळेच्या ग्रेडइतकाच चालतो.

ताई, यावरून आठवलं. लेक पुढे ड्युअल एनरोलमेंट (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स) करणार असेल, तर कॉलेजने दिलेला ग्रेड जसाच्या तसा लिहायचा, आपल्या स्केलमध्ये बसवायला जायचं नाही. कॉलेज आपलं ट्रान्सक्रिप्ट वेगळं पाठवतं, त्यामुळे तफावत लगेच दिसते. आणि क्रेडिटचा घोळ करू नका. कॉलेजचा तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे हायस्कूलचं साधारण एक क्रेडिट. मोठीच्या वेळी मी सरळ ३ लिहिले होते. तिच्या एका इंग्लिश कोर्सचं वजन तीन विषयांइतकं झालं आणि जीपीए असा फुगला की मलाच लाज वाटली. नशीब, पाठवायच्या आधी दिसलं.

आता सी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी बोलले नसते. ग्रेड हे त्या वर्षी त्याला किती आलं याचं माप आहे, चूक कुणाची याचं नाही. ७६ आले तर सी. पण त्याने तो भाग पुन्हा केलाय का? केला असेल, पुन्हा परीक्षा घेतली असेल आणि तसा तुमचा नियम असेल, तर नवा ग्रेड खरा आहे. शाळाही रीटेक देतात. नुसतं पुसून बी लिहिणं वेगळं.

आजारपणाचं तुम्हाला सांगता येतं. कॉमन अ‍ॅपवर (बऱ्याच कॉलेजांना एकत्र अर्ज करायची वेबसाइट) लेक तुम्हाला काउन्सेलर म्हणून जोडेल, तेव्हा स्कूल रिपोर्टबरोबर तुमचं पत्रही जातं. त्यात दोन वाक्यं पुरे: त्या काळात घरी काय होतं आणि पुढच्या वर्षी प्रीकॅलमध्ये काय झालं. चढता आलेख वाचणाऱ्याला दिसतो. ए-ए-ए-ए च्या रांगेत एखादा सी असला की उलट बाकीचे ए खरे वाटतात, हा आपला माझा अनुभव.

पाटीपेन्सिल

शेंगाताई, रात्री बराच वेळ जागी होते.

लेकाला विचारलं, लॉगॅरिथमची परीक्षा पुन्हा देतोस का. मनातून वाटत होतं की हो म्हणेल. तो म्हणाला, "आई, प्रीकॅलमध्ये पहिल्या महिन्यात तेच तर केलं. आता परत कशाला? राहू दे की सी. मला तेव्हा येत नव्हतं." मग खांदे उडवून दुधाचा ग्लास घेऊन वर गेला. एवढं सोपं होतं त्याच्यासाठी. माझाच जीव वर्षभर त्यात अडकला होता.

तेव्हा सी तसाच. जॉमेट्री बी, कारण नियम नव्हता आणि आता केलेला नियम तिला वाचवत नाही. (८९.५ चा केला. करताना हात जड झाला.) केमिस्ट्री साधी केमिस्ट्री. लॅबचे फोटो शोधले तर सोळापैकी नऊच सापडले, मग ऑनर्सचा हट्ट आपोआप गेला. एकूण क्रेडिट १५, कारण अल्जिब्रा १ आणि पीई धरून तेवढी होतात. जीपीएत १३.५. आकडा ३.५६. याच सेमिस्टरसारखं दुसरं गेलं तर उन्हाळ्यात ५६ भागिले १५.५, म्हणजे ३.६१ होईल. माझ्या चुकीच्या ३.६६ च्या जवळ येतोय, हे नवऱ्याला दाखवलं. त्याने काही प्रतिक्रिया दिली नाही.

एक शेवटचं. खाली सहीच्या रेघेपाशी काय लिहायचं? 'प्रिन्सिपल' लिहिलं तर लेक हसतोय.

तीन_दशांश

'पालक व प्रशासक' लिहा, तारीख टाका. काही कॉलेजं नोटरी मागतात, त्यांच्यासाठी एक प्रत सही न करता ठेवा. नोटरीसमोरच सही करावी लागते.

शेवग्याच्या_शेंगा

आणि हे एकदा पाठवून संपत नाही हो. बारावीच्या मध्यावर मिड-इयर रिपोर्ट आणि शेवटी फायनल, दोन्ही वेळा नवीन ट्रान्सक्रिप्ट. फाइलच्या नावात तारीख घाला. माझ्याकडे 'फायनल', 'फायनल२' आणि 'खरंफायनल' अशा तीन होत्या आणि चुकीची गेली होती.

पाटीपेन्सिल

फाइलचं नाव बदललं. सही केली नाही, नोटरीचं वाचून थांबले. लेकाने 'प्रशासक'चं स्पेलिंग तपासून दिलं, इंग्रजीत एक एस जास्त पडला होता.