विषय: स्वयंसेवकाचं पत्र आणि सरकारला मत कळवायची 12 फेब्रुवारीची मुदत

प्रेषक: ढोल पथक, वॉटफर्ड
सोमवार, 19 जानेवारी 2026, रात्री 9.40

नमस्कार मंडळी,

मला आणि बायकोला मंडळाच्या लेटरहेडवर एक पत्र हवं आहे. 2022 पासून गणपती, कोजागरी, दिवाळी पहाट, सगळीकडे आम्ही काम केलंय, ते त्यात लिहून द्यावं. ब्रिटनमध्ये आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, पाचाऐवजी दहा वर्षांनी द्यायच्या नव्या प्रस्तावात समाजात स्वयंसेवा करणाऱ्यांना 3 ते 5 वर्षं सूट आहे असं वाचलं. आमची पाच वर्षं पुढच्या वर्षी जूनमध्ये भरतात. पाचाची दहा झाली तर घराचं, मुलीच्या शाळेचं सगळंच अडतं. तास नक्की किती झाले ते आठवत नाही, तुम्ही सांगाल तो आकडा चालेल. मागच्या वेळी मिरवणुकीच्या परवानगीला झाला तसा उशीर नको, म्हणून आत्ताच विचारतोय.

---

प्रेषक: चिटणीस
मंगळवार, 20 जानेवारी, सकाळी 7.15

असं पत्र मागणारे तुम्ही पहिले नाही. कालपर्यंत कोणालाच दिलेलं नाही, कारण द्यायचं कशाच्या आधारावर हाच प्रश्न आहे. आपल्याकडे हॉलच्या दारावर लावलेले तक्ते तेवढे आहेत: नाव, आले, गेले. "आले" खाली लोक लिहितात, "गेले" चा रकाना जवळजवळ कोरा. 2023 च्या गणपतीच्या दुसऱ्या दिवसाचा तक्ता सापडतच नाही. त्या वर्षी रांगोळीवाल्यांनी तो कशाखाली तरी अंथरला होता, हे सगळ्यांना आठवत असेलच.

"सांगाल तो आकडा" विश्वस्तांच्या सहीने जाणार नाही. शिवाय हा अजून प्रस्ताव आहे. कोणाचं पत्र धरणार, किती तास धरणार, काहीच ठरलेलं नाही. कृपया मला व्हॉट्सॲपवर वेगळं विचारू नका, इथेच लिहा.

---

प्रेषक: स्वयंपाकघर
मंगळवार, 20 जानेवारी, सकाळी 8.02

तक्ता पुढच्या दाराला असतो. आम्ही मागच्या दाराने आत येतो, तेही सकाळी सहाला, तेव्हा पुढचं दार उघडलेलंही नसतं. म्हणजे इतक्या वर्षांत स्वयंपाकघरातल्या एकीचंही नाव कागदावर नाही. पत्रं द्यायची असतील तर आधी आमच्या मुलींना द्या. तिघी डिपेंडंट व्हिसावर आहेत. नावं इथे लिहीत नाही.

---

प्रेषक: मराठी शाळा
मंगळवार, 20 जानेवारी, सकाळी 8.50

शाळेचं हजेरीपुस्तक पूर्ण आहे, शिक्षकांचं आणि मदतनिसांचं दोन्ही. प्रत्येकाची डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची) तपासणी झालेली आहे. शाळेची पत्रं शाळा देईल. उत्सव समितीच्या घोळात आमची वही कृपया ओढू नये. आणि रविवारी हळदीकुंकवाला वर्गाच्या खुर्च्या नेणार असाल तर त्या परत आणून लावायच्या कोणी, ते आधी ठरवा.

---

प्रेषक: हॅरोवाले काका
मंगळवार, 20 जानेवारी, रात्री 10.30

चिटणीसांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तास माहीत नसतील तर आकडा घालायचा नाही. वॉटफर्डच्या मुला, तुझ्यावर राग नाही, पण खोटा आकडा उद्या तुझ्याच अर्जात निघाला तर तुझंच नुकसान होईल.

आता मूळ मुद्दा. मी कॉन्झर्व्हेटिव्ह आहे हे या यादीवर नव्याने सांगायला नको. 2024 मध्ये पक्ष 121 जागांवर आला, त्याही उन्हाळ्यात हॅरो ईस्टमध्ये मी दारोदार पत्रकं वाटत होतो, आणि ती जागा आम्ही राखली. त्यामुळे हे कोणी लेबरवाल्याने लिहिलंय असं समजू नका.

कोणाला घरात घ्यायचं, कोणत्या अटीवर घ्यायचं, हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे असं मी मानतो. उद्या जो विमानातून उतरेल त्याला दहा वर्षं सांगा, माझी हरकत नाही. आमच्या पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी फेब्रुवारी 2025 मध्येच दहा वर्षांचा प्रस्ताव मांडला होता. लेबरची श्वेतपत्रिका त्यानंतर मे महिन्यात आली. इंग्रजीची पातळी बी-2 (वरची मध्यम) केली, ठीक. कायम राहायचं तर कर भरलेला असावा, गुन्हा नसावा, हेही ठीक. सरकारी भत्ते घेणाऱ्याला जास्त थांबावं लागावं, हेही मला पटतं. यातलं काहीही मला जुलमाचं वाटत नाही.

पण गृहमंत्री शबाना महमूद यांच्या नोव्हेंबर 2025 च्या प्रस्तावात हा नियम आधीच इथे असलेल्यांनाही लावायचा म्हणतात, एप्रिल 2026 पासून. तिथे मी थांबतो. 2022 मध्ये या मुलाला सरकारने काय सांगितलं? पाच वर्षं काम कर, अमुक पगार ठेव, सार्वजनिक निधीला हात लावू नकोस, दर वर्षी आरोग्य अधिभार भर. तो अधिभार आता माणशी 1,035 पौंड आहे. त्याने हे सगळं पाळलं. आता सरकार म्हणतं, आमची बाजू आम्ही बदलतो. दिल्या शब्दाला जागणं ही माझ्या लेखी कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाची पहिली ओळख. कर किती असावा, सरकार केवढं असावं, हे सगळं त्यानंतर येतं. कायदा कडक असू द्या, पण तो पुढून लागू करा, मागे जाऊन नव्हे.

जुन्या लोकांना 2006 आठवत असेल. आम्ही एचएसएमपीवर, म्हणजे उच्चकुशल लोकांच्या गुणांवर मिळणाऱ्या व्हिसावर, आलो होतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये कायम वास्तव्याची मुदत चाराची पाच झाली आणि नोव्हेंबरमध्ये मुदतवाढीचे गुणही बदलले, दोन्ही आधी आलेल्यांना लागू. तेव्हाही सरकार लेबरचंच. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर पगाराच्या स्लिपा वर्षांप्रमाणे मांडून ठेवलेल्या असत, कारण कोणत्या बारा महिन्यांची बेरीज जास्त येते हे रोज पाहिल्याशिवाय झोप येत नसे. पुण्याचं घर विकून आलेली कुटुंबं होती, परत जायला तिकडे काही ठेवलेलंच नव्हतं. लोकांनी वर्गणी काढली आणि कोर्टात गेले. एप्रिल 2008 मध्ये हायकोर्टाने सांगितलं की आधीच्या लोकांना बदललेले गुण लावणं बेकायदा आहे. एप्रिल 2009 मध्ये चार-पाच वर्षांच्या बाबतीतही निकाल आपल्या बाजूने लागला. म्हणून मी म्हणतो, दार बंद आहे असं समजून आत्ताच पत्रं गोळा करत बसू नका.

आणि ही स्वयंसेवेची सूट. मला ती मनापासून खुपते. विसर्जनाच्या रात्री हॉलच्या मागे थंडगार पाण्याने कढया घासताना मी एका मोठ्या हॉस्पिटलचे हृदयरोगतज्ज्ञ आणि काल आलेला विद्यार्थी शेजारी शेजारी उभे पाहिलेत. कोण कोणाचं काही लागत नव्हतं आणि कोणी कोणाकडून काही घेणार नव्हतं. मंडळ, देऊळ, चर्च, गावातली क्रिकेटची टीम, या गोष्टी घर आणि सरकार यांच्या मधे स्वतःच्या पायावर उभ्या असतात. त्या सरकारने मोजायच्या नसतात. उद्या पालखी उचलणाऱ्याचं लक्ष तक्त्याकडे लागलं आणि चिटणीसांच्या सहीला व्हिसाची किंमत आली की आपल्याकडे माणसं येतील, पण मंडळ राहणार नाही. सह्या देणारे आणि सह्या मागणारे असे दोन गट पडतील. आज एका दिवसात स्वयंपाकघर, शाळा आणि उत्सव समिती आपापली वही कवटाळून बसलेत, ही सुरुवात दिसतेच आहे.

माझी विनंती: सरकारने मतं मागवली आहेत, मुदत 12 फेब्रुवारी. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने लिहा. आधी आलेल्यांना जुनाच नियम ठेवा, एवढं एक मागणं ठामपणे मांडा.

---

प्रेषक: खजिनदार
बुधवार, 21 जानेवारी, सकाळी 6.55

काका, आदर ठेवून सांगतो, आपण नोंदणीकृत चॅरिटी आहोत. मंडळाच्या उद्दिष्टाशी संबंधित धोरणावर बोलता येतं, पक्षाचा प्रचार करता येत नाही. हॅरो ईस्ट, पत्रकं, जागा राखली, हे या यादीवर नको. मागे ब्रेक्झिटच्या वेळी काय झालं ते आठवा, दोन कुटुंबं आजही एका पंगतीत बसत नाहीत.

आणि विषय निघालाच आहे तर, मार्च 2023 पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर 9 लाख 44 हजार झालं ते कोणाच्या राज्यात?

---

प्रेषक: मिल्टन कीन्सच्या डॉक्टर ताई
बुधवार, 21 जानेवारी, दुपारी 1.20

काका, 2006 बद्दल लिहिलंत ते बरं केलंत, नव्या लोकांना ते माहीतच नाही. पण सेवेबद्दल मी वेगळं म्हणेन. निरपेक्ष सेवा ज्यांच्या हातात पासपोर्ट आहे त्यांना परवडते. एनएचएसमधल्या डॉक्टर-नर्सना पाचच वर्षं राहतील असं सरकार म्हणतंय, म्हणजे माझं निभावेल. पण जोडीदाराचा विचार आता वेगळा होणार. माझा नवरा दोन वर्षं मुलाला सांभाळत घरी होता, कारण माझ्या नाइट ड्यूट्या. त्याच्या नावावर पगार नाही, म्हणून त्याने इथल्या समाजासाठी काही केलंच नाही असं धरायचं का? तो दर शनिवारी शाळेत पेटी वाजवतो. ते कुठे मोजलं गेलं तर मला आनंदच होईल.

माझी जाऊ वृद्धाश्रमात केअर वर्कर आहे. तिच्या गटाला पंधरा वर्षं म्हणतात. वर्षाला 1 लाख 25 हजार 140 पौंडांच्या वर कमावणाऱ्याला तीन, आणि म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलणाऱ्या बाईला पंधरा. हे तुमच्या कोणत्या तत्त्वात बसतं तेही सांगा.

---

प्रेषक: मराठी शाळा
बुधवार, 21 जानेवारी, दुपारी 1.41

पेटी वाजवणाऱ्यांची हजेरी आहे. सगळ्या शनिवारांची. पत्र देऊ.

---

प्रेषक: हॅरोवाले काका
बुधवार, 21 जानेवारी, रात्री 9.10

खजिनदार, तो आकडा आमच्याच राज्यातला. 2019 च्या जाहीरनाम्यात एकूण संख्या कमी करू असं लिहिलं, आणि सत्तेत बसून उलट केलं. लोकांनी हरवलं ते योग्य केलं. पण ज्यांना आमच्या सरकारने व्हिसा दिला ते भिंत ओलांडून आलेले नाहीत. चूक व्हिसा देणाऱ्याची असेल तर दंड घेणाऱ्याला का? ऑक्टोबरमध्ये आमच्या पक्षाच्या खासदार केटी लॅम म्हणाल्या की कायदेशीरपणे स्थायिक झालेल्यांपैकीही पुष्कळांनी परत जावं. त्याच आठवड्यात मी पक्षाच्या स्थानिक शाखेला लेखी निषेध कळवला. रिफॉर्म पक्ष तर आयएलआरच बंद करायचं म्हणतो. उजवीकडच्या माणसाने गप्प बसायची ही वेळ नाही, कारण आमच्या बाजूचे लोक आमचंच ऐकण्याची शक्यता जास्त. पक्षाचा प्रचार म्हणून हे लिहीत नाही, स्वतःच्याच पक्षाशी भांडण आहे म्हणून लिहितोय.

डॉक्टर ताई, तुमचा प्रश्न योग्य आहे. पगार हे योगदानाचं एक माप आहे, एकमेव नव्हे. कुटुंब टिकवणं हे कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाला पटलंच पाहिजे, आणि घरी राहून मूल वाढवणाऱ्या बापाला दंड करणारा नियम मला मान्य नाही. तुमच्या जाऊबाईंना बोलावून आणणारं सरकार आमचंच होतं. माणसं कमी पडत होती म्हणून 2022 मध्ये तो व्हिसा उघडला, आणि मार्च 2024 मध्ये नव्याने येणाऱ्यांना कुटुंब आणायची बंदीही आम्हीच घातली. त्या पाच वर्षांच्या बोलीवर आल्या, त्यांना पाचच मिळाली पाहिजेत. पंधराचं समर्थन माझ्याकडून होणार नाही.

पेटीच्या बाबतीत मात्र मी हलणार नाही. तुमचे यजमान पेटी वाजवतात ते मुलांना "सुखकर्ता दुखहर्ता" सुरात यावं म्हणून. सरकारने न्याय करायचा तर नियमाने करावा, आपल्या शनिवारांची पावती मागून नव्हे.

---

प्रेषक: स्वयंपाकघर
गुरुवार, 22 जानेवारी, सकाळी 6.30

कढया घासणाऱ्यांत आम्हीही होतो, काका. हृदयरोगतज्ज्ञ शेवटच्या दोन कढयांना आले होते.

---

प्रेषक: ढोल पथक, वॉटफर्ड
गुरुवार, 22 जानेवारी, दुपारी 12.15

आकड्याचं मागणं मागे घेतो, चिटणीस. पत्र खरं असेल तेवढ्याचंच द्या, नाहीतर नको.

काका, सरकारला पाठवायचा मजकूर मी आणि बायकोने लिहायला घेतलाय. 2022 ची नोकरीची ऑफर, आरोग्य अधिभाराच्या पावत्या, व्हिसाचं मूळ पत्र, सगळं काढून ठेवलं. पत्रात पाच वर्षं असं थेट लिहिलेलं नाही, नियमावलीत होतं. त्या वेळच्या नियमावलीची प्रत कोणाकडे असेल तर पाठवा. प्रश्नावलीत आधीच इथे असलेल्यांसाठी संक्रमणाच्या सवलतींबद्दल विचारलंय, तिथेच मुख्य मुद्दा लिहावा असं आमचं मत आहे. बरोबर आहे का?

---

प्रेषक: हॅरोवाले काका
गुरुवार, 22 जानेवारी, दुपारी 12.50

बरोबर. तिथेच लिही, आणि आधी तुझी हकीकत लिही, मत नंतर. तारखा घाल. कोणाचा मजकूर उतरवू नकोस, एकसारखी शंभर पत्रं एकाच पत्रासारखी वाचली जातात. तुझ्या खासदाराला प्रत पाठव, तो कोणत्याही पक्षाचा असो. शनिवारी दुपारी दोघं मुलीला घेऊन घरी या, जुन्या निकालांची फाइल काढून ठेवतो.

---

प्रेषक: चिटणीस
गुरुवार, 22 जानेवारी, रात्री 8.05

विश्वस्तांशी फोनवर बोलणं झालं.

मंडळ पक्षाबद्दल काही म्हणणार नाही. मराठी कुटुंबांवर मागील तारखेने होणाऱ्या परिणामाबद्दल मंडळाच्या नावाने एक पानी निवेदन जाईल. मसुदा डॉक्टर ताई आणि काका मिळून करतील. जाऊबाईंचा मुद्दा त्यात असेल. हरकती 1 फेब्रुवारीपर्यंत याच यादीवर.

पत्रं: हजेरीची नोंद असेल तेवढीच, तासांचा अंदाज नाही, व्हिसाचा उल्लेख नाही. शाळेची शाळा देईल. काकांचा यालाही विरोध आहे, तो नोंदवला.

रविवारी रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला तक्ता दोन्ही दारांना लागेल. खुर्च्या ढोल पथक परत लावेल. गुळाच्या पोळ्यांचे आकडे अजून फक्त अकरा घरांकडून आलेत, उद्या संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराला कळवा.