जॉर्ज थॉमसला 'ढिम्म' म्हणणाऱ्यांसाठी

तोफखाना:
काल एकाने ठोकून दिलं की अमेरिकन यादवीतला उत्तरेचा जनरल थॉमस म्हणजे ढिम्म माणूस, नॅशव्हिलला दक्षिणेच्या बंडखोरांचा जनरल हूड समोर येऊन बसला तरी हा दोन आठवडे हलला नाही, उत्तरेचा सरसेनापती ग्रँटने वेळीच हाकलायला हवा होता. डोकंच फिरलं. अरे बाबा, घोडदळाला घोडेच पुरेसे नव्हते, ते गोळा करेपर्यंत ८-९ डिसेंबरला असा बर्फ धरला की उतारावर माणूस उभा राहीना, घोडा काय डोंबल पळणार! आणि तारांवर तारा ठोकणारा ग्रँट स्वतः जूनपासून बंडखोरांच्या पीटर्सबर्ग शहरासमोर अडकलेला. थॉमसच्या जागी जनरल लोगनला पाठवला, तो लुईव्हिलला पोचतोय तोवर इकडे १५-१६ डिसेंबर १८६४ला हूडच्या फौजेचा चुराडा झाला पण.

किल्लेदार:
तो 'एक' मीच, नाव घ्यायला लाज वाटते का? उत्तरेचा जनरल शेरमन समुद्राकडे निघून गेलेला, हूड बगल देऊन उत्तरेत ओहायोकडे सुटला असता तर? ग्रँटला तीच धास्ती होती. आणि तुमचा निष्ठावंत थॉमस जानेवारी १८६१मध्ये त्याच्या जन्मराज्यातल्या, पुढे दक्षिणेला मिळालेल्या व्हर्जिनियाच्या मिलिटरी इन्स्टिट्यूटला नोकरीसाठी पत्र लिहीत होता, ते सोयीस्कर गाळलंत.

तोफखाना:
रेल्वेच्या फलाटावरून पडून पाठ गेलेली, परत फौजेत उभं राहता येईल का याचीच खात्री नव्हती! मार्चमध्ये त्याच व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने पद देऊ केलं तेव्हा नाही म्हणाला, ते तुम्ही गाळलंत.

माहेरवाशीण:
तुमचं चालू द्या, मला त्याच्या बहिणींचं वाईट वाटतं. भाऊ उत्तरेकडे राहिला म्हणून तसबीर भिंतीकडे फिरवली, युद्धानंतर मदत पाठवली तर आम्हाला भाऊच नाही म्हणाल्या, असं सांगतात. आमच्याकडे बांधावरून बाबा आणि काकांचं फाटलं, लग्नाच्या अल्बममधून काकांचे फोटो आईने कात्रीने कापलेत, काकूचा खांद्यावरचा हात तेवढा राहिलाय.

मोडीवाचक:
वाईट कसलं? गुलाम राबवणारं घर ते. १८३१ला नॅट टर्नरने गुलामांचं बंड केलं तेव्हा १५ वर्षांचा थॉमस घरच्यांबरोबर जीव मुठीत धरून पळाला होता. तोच पुढे नॅशव्हिलला काळ्या पलटणी लढवतो, आधी शंका होती पण त्यांचे मुडदे थेट शत्रूच्या मोर्चापुढे पडलेले बघून मत बदललं. बहिणी काय बदलल्या?

माहेरवाशीण:
म्हणजे भाऊ समोरून लढतोय आणि त्यांनी आरती ओवाळायची? तुमच्या घरात कोणी असं वागलं असतं मग बोलला असता.

मोडीवाचक:
माझ्या घरावर जाऊ नका. सख्ख्या भावाशी मीही बोलत नाही आणि चूक माझी नाही.

साइटइंजिनिअर:
भाऊबंदकी सोडा हो. खरी गोम अशी की ग्रँट-शेरमनने जाडजूड आठवणी छापल्या आणि थॉमसने खासगी कागद नष्ट केले. आमच्याकडे पुलाचा सगळा हिशोब मी केला, उद्घाटनाच्या फोटोत साहेब! चिकामॉगाच्या लढाईत तेच, २० सप्टेंबर १८६३ला उत्तरेची फळी फुटली, सेनापती रोझक्रान्स चॅटनूगाला पळाला, स्नॉडग्रास टेकडीवर संध्याकाळपर्यंत थॉमस.

किल्लेदार:
तुमचा पूल मध्येच कुठून आला? बरं, बर्फ थॉमसने पाडला नाही एवढं कबूल. पण त्याआधीच्या आठवड्याचं काय?

तोफखाना:
घोडे! वर लिहिलंय, वाचत जा. शिवाय थॉमसच्या हाताखालचा जनरल स्कोफिल्ड ग्रँटकडे पाठीमागून चुगल्या करत होता असा संशय आहेच.

किल्लेदार:
संशय म्हणे. पुरावा टाका, नाहीतर गप्प बसा.

माहेरवाशीण:
आणि मोडीवाचक, भावाला फोन करा आधी.