मदत हवी आहे: चतुराच्या अळ्या बादलीत आहेत, जगवायच्या कशा?

नमस्कार. जरा घाई आहे, म्हणून थेट सांगते.

नाशकात सोमेश्वरच्या खालच्या अंगाला गोदावरीचा काळा कातळ उघडा पडलाय. तिथल्या एका रांजणखळग्यात घमेलंभर पाणी उरलं होतं. परवा काठावर मुरूम पडायला लागला आणि खळगा बुजणार हे दिसलं. आत चतुराच्या सात अळ्या होत्या. त्याच पाण्यासकट बादलीत घालून घरी आणल्या. आज मोजल्या तर पाचच. मेलेली एकही सापडली नाही.

दोन उन्हाळे त्या कातळावर मी एक लालभडक चतुर बघतेय. चारही पंखांच्या बुडाशी नारिंगी डाग, तोही चांगला मोठा. हात टेकवत नाही इतक्या तापलेल्या दगडावर हा आरामात बसतो. ऊन डोक्यावर आलं की शेपूट सरळ सूर्याकडे उभी करतो, म्हणजे अंगावर ऊन कमी लागतं. माझ्या मते हा ट्रायथेमिस किर्बी. आफ्रिकेतल्या सवानाच्या नद्यांपासून अरबस्तानातून आपल्यापर्यंत पसरलेला, आणि २००७ साली स्पेनमध्येही पोचलेला. बागेत दिसतो तो याचाच भाऊबंद ट्रायथेमिस ऑरोरा गुलाबीसर असतो आणि काडीच्या टोकावर बसतो, त्यामुळे तो नसावा.

पण अळ्या त्याच्याच कशावरून? त्यांना खायला काय देऊ? भाताची शितं टाकली, ढुंकूनही पाहिलं नाही.

प्रतिसाद १
ताई, दोन अळ्या बाकीच्यांनी खाल्ल्या. आधी प्रत्येकीला वेगळ्या पसरट भांड्यात ठेवा, आजच. शितं लगेच काढा, पाणी नासेल. त्या हलणारं भक्ष्यच पकडतात: खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा झटकन पुढे येतो. डासांच्या अळ्या द्या, कुंडीखालच्या ताटलीत मिळतील. नळाचं पाणी घालायचं तर दिवसभर उघडं ठेवून मगच, क्लोरीन जायला हवं. भांडी सावलीत ठेवा. त्यांचे कल्ले गुदाशयात असतात, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक भांड्यात पाण्याबाहेर येणारी खरखरीत काडी हवी. पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या फुगल्या आणि खाणं थांबलं की कात टाकून चतुर बाहेर पडायची वेळ जवळ आली समजा. बहुधा रात्री किंवा पहाटे चढतात. तेव्हा अजिबात हात लावू नका, पंख वाळेपर्यंत ओले कागदच असतात.

ओळखीचं म्हणाल तर जिवंत अळीवरून प्रजाती सांगणं धाडसाचं. मागे राहिलेली कात काडेपेटीत जपून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार. त्याच रात्री पाच वाडगे मांडले. आज पहाटे साडेपाचला एक काडीवर चढलेली दिसली. पाठ उलली, आणि आतून फिकट पिवळा, चुरगळलेला जीव बाहेर आला. साडेसातपर्यंत पंख काचेसारखे ताणले गेले. मी चहा ठेवायलाही उठले नाही. लाल रंग यायला दिवस लागतात, त्यामुळे किर्बी की दुसरा कोणी, हे आज कळणार नाही. कात काडेपेटीत आहे.

चार अजून पाण्यात आहेत, आणि खळगा काल बुजला. गंगापूर धरणाच्या खाली कातळातलं, जूनपर्यंत टिकेल असं डबकं कुणाला माहीत आहे का? दुसऱ्या नदीत सोडायच्या नाहीत मला, गोदावरीतच हव्यात. उद्या सकाळी गाडी घेऊन येते.